पूर बघायला या, सहकुटुंब या

परवाच्या रविवारी कोल्हापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 41 फुटांवर होतं. 39 ला इशारा, 43 ला धोका. म्हणजे पूर बघायला जायचा अगदी सुमुहूर्त. इशारा मिळून गेलेला आणि धोका अजून दोन फूट लांब! ज्यांना अजून नीट पूर बघता येत नाही, अशा होतकरू मंडळींसाठी चार अनुभवाचे बोल.

सगळ्यात आधी फूट-इंच पाठ पाहिजेत. पुलावर पोचल्या पोचल्या शेजारच्याला विचारायचं, "किती झालं?" तो म्हणणार, "एक्केचाळीस दोन." मग आपण म्हणायचं, "पन्नास गाठतंय काय यंदा?" आवाजात काळजी नको, उत्सुकता हवी. 2019 ला नदी 55 च्या वर गेली, 2021 ला 56 च्या. इतकं चांगलं रेकॉर्ड असल्यावर अपेक्षा वाढणारच.

मच्छिंद्री झाल्याशिवाय, म्हणजे पाणी शिवाजी पुलाच्या कमानींवरच्या खुणेला टेकल्याशिवाय, घरी परतू नका.

हवामान खात्याच्या रंगांचा अर्थ नीट लावा. यलो म्हणजे भजी. ऑरेंज म्हणजे राऊतवाडीचा धबधबा. रेड म्हणजे पोरांच्या शाळेला सुट्टी, त्यामुळे दोन्ही. चोवीस तासांत 204.5 मिलिमीटरच्या पुढं गेला की खातं त्याला अत्यंत मुसळधार म्हणतं आणि रेडच्या पुढं 'कृती करा' असं लिहितं. गाडी बाहेर काढणं ही कृतीच आहे.

शहरात ऊन पडलं की पूर संपला असं खुशाल जाहीर करा. पाऊस गगनबावड्यात पडतो, राधानगरीत पडतो. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती ते पाणी गोळा करत आणतात आणि काही तासांनी आपल्या दारात ओततात. पुढं नृसिंहवाडीला कृष्णा आधीच फुगलेली असली की पंचगंगेला जायला वाट नसते, ती मागं सरकते. पण एवढं कोण बघतंय? आपल्या गच्चीवर कपडे वाळले ना, मग झालं.

धरणाबद्दल फॉरवर्ड करताना मात्र अज्ञान जपलं पाहिजे. राधानगरीला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी चढलं की आपोआप उघडतात, पाणी उतरलं की मिटतात, एकेकातून 1,428 क्युसेक. रात्री दोनला कुठला साहेब फोनवरून ते उघडत नाही. हे एकदा कळलं की 'आत्ताच उघडले, पळा' असा मेसेज पाठवताना हात कापतो. त्यापेक्षा न कळलेलं बरं. व्हिडिओ 2019 चा असला तरी चालतो, पाणी पाण्यासारखंच दिसतं.

फ्लॅट घेताना नदी दिसते का ते बघा, नकाशावरची निळी पूररेषा बघू नका. ती पंचवीस वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराची. आपलं कर्ज वीस वर्षांचं.

आता मुख्य विषय, पार्किंग. गाडी लावायची ती नदीकडं उतरणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशीच. आडवी. एक लावली की मागनं दुसरी, तिसरी आपोआप येतात. दारं उघडी, गाणी चालू, बॉनेटवर कणसं. आत गल्लीत कोण राहतं, त्यांना बाहेर पडायचं असेल का, असले प्रश्न मनात आणायचे नाहीत. माझी मावशी राहते त्या गल्लीत. वय 78, गुडघ्याचं ऑपरेशन होऊन दोन महिने झालेत. रविवारी दुपारी पाणी गल्लीच्या टोकाला आलं, तेव्हा मी टेम्पो घेऊन गेलो. फ्रीज, गादी, गॅसची शेगडी, देवघर आणि मागच्या हौद्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर मावशी, कारण पुढच्या सीटवर तिला चढता येईना. दीडशे फुटांवर मुख्य रस्ता. आणि त्या दीडशे फुटांना दीड तास लागला! हॉर्न वाजवला तर एकजण वळून म्हणाला, "भावा, जरा दम धर की, समदं बघायलाच आल्यात." बघायला! वर एका पोरानं टेम्पोच्या दारावर टकटक केली. मला वाटलं, रस्ता करून देतोय. तो म्हणाला, "दादा, गाडी थोडी मागं घ्या ना, फ्रेममध्ये येतीय." मागं म्हणजे कुठं घेऊ? मागं नदी होती. तेवढ्यात पाऊस सुरू झाला. मावशी छत्री धरून बसली होती, ती देवघरावर. स्वतः भिजत होती. आणि चारजण फोन वर करून तिचंच शूटिंग काढत होते, एकानंही खाली उतरून पुढची गाडी हलवा म्हणून हाक मारली नाही.

तर टीप अशी, की... राहू दे. टीप वगैरे काही नाही.

लाज वाटू दे थोडी. तुम्ही बघायला येता तो देखावा नाही, लोकांचं घर आहे. दर वर्षी नदीकाठच्या सुतारवाड्यातली माणसं पोरंबाळं, अंथरूण-पांघरूण घेऊन मठात जाऊन राहतात, ती हौस म्हणून नाही. पाणी वाढताना पहिल्या चार तासांत जे बाहेर निघतं तेवढंच वाचतं. ते चार तास तुम्ही गाडी आडवी लावून खाता. नंतर बोट बोलवावी लागते, आणि बोट येईना की सोशल मीडियावर प्रशासनाला शिव्या घालणारेही तुम्हीच. प्रशासनाचं काय चुकतं ते मी वेगळं लिहीन, त्याला दहा पानं लागतील. पण त्या रस्त्यावर परवा प्रशासन आडवं नव्हतं, तुमची गाडी होती. पूर बघायचाय? टीव्हीवर बघा. अंग हलवायचंच असेल तर त्या गल्लीत या, एका घरातनं एक कपाट वर माळ्यावर चढवून द्या आणि जा.

सोमवारी एका मित्रानं रील पाठवलं. त्यात मावशी, छत्री, देवघर, सगळं. खाली त्यानं लिहिलेलं, "तुझा टेम्पो काय भारी आलाय रे!" ज्यानं टाकलंय त्याला काढायला सांग म्हटलं. अजून काढलेलं नाही.