ताई, ती उडी मी मारलीच नव्हती

कारंज्याच्या ताई,

तुम्ही प्रतिक्रियेखाली नाव घातलेलं नाही, ‘कारंजा लाड, सध्या नागपूर’ एवढंच आहे. म्हणून ताई म्हणतो. वयानं लहान असाल तर माफ करा, पण ज्या सवयीनं तुम्ही कान धरलात त्यावरून तसं वाटत नाही.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी आधी चार ओळी. मूर्तिजापूरच्या माझ्या बालमित्रावर मी लिहिलं होतं. लेखात त्याला बंड्या म्हटलंय; नाव बदललेलं, माणूस खरा. आमची आळी, जिनिंगातल्या, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यातल्या, कापसाच्या गंज्या, मूर्तिजापूर-यवतमाळची छोट्या रुळांची शकुंतला रेल्वे, रानातली बोरं आणि शेवटी मी पुण्याला निघालो तेव्हाचा फलाट. बऱ्याच जणांनी ‘डोळे पाणावले’ असं कळवलं. तुमचे पाणावले नाहीत. दर वाक्याला उपमा कशाला, असं तुम्ही विचारलंत. दहा वर्षांच्या मैत्रीत एकदाही कट्टी नाही, मग ही मैत्री होती की भिंतीवरचा फोटो, असं विचारलंत. चालत्या शकुंतलेतून उतरून बोरं तोडायची आणि पळत येऊन पुन्हा चढायचं, ही फुशारकी मूर्तिजापूर ते यवतमाळ जो तो मारतो, तुम्ही खरंच उतरला होतात का? बंड्याला विचारून लिहिलंत का? आणि जाता जाता, शेवटच्या दोन ओळींत, हे: ‘बंड्या मले, तुले, काहून बोलतो आणि तुम्ही मला, तुला, का. दोघं एकाच आळीतले पोट्टे. मग तुम्ही काय दहाव्या वर्षीच पुण्याहून बोलून राह्यले होते?’

उपमांचं मान्य. लेख परत काढून मोजल्या, अकरा भरल्या. सात काढून टाकल्या. चार मला आवडतात, त्या राहू द्या.

शेवटच्या दोन ओळींपाशी मात्र अडकलो. तुमचं वाचून लेखातला संवाद पुन्हा पाहिला. बंड्या म्हणतो, ‘काहून रडून राह्यला बे?’ आणि मी, वय वर्षं दहा, हाफ चड्डी, नाकाला शेंबूड, उत्तर देतो, ‘मी कुठे रडतोय?’ ताई, मूर्तिजापुरात १९८८ साली कुणी दहा वर्षांचं पोरगं ‘मी कुठे रडतोय’ म्हणालं असतं तर आळीनं त्याला दवाखान्यात नेलं असतं. मी म्हणालो असणार, ‘मी कुठी रडून राह्यलो बे.’ दुसरं काही मला येतच नव्हतं.

हे मुद्दाम केलेलं नाही. मुद्दाम केलं असतं तर बरं झालं असतं, कबूल करून मोकळा झालो असतो. लिहिताना मला बंड्याचा आवाज ऐकू येतो तो जसाच्या तसा येतो, कारण तो आजही तसाच बोलतो, आठवड्यातून एकदा फोनवर. माझा आवाज मात्र आठवणीतसुद्धा आजचा आहे. आधीचा पुसून त्यावर कधीतरी नवा भरला गेलाय आणि जुनी टेप कुठेच नाही. त्यात माझा धंदा मुद्रितशोधकाचा. १९६२ चे १४ आणि १९७२ चे ४, अशा शुद्धलेखनाच्या १८ नियमांवर माझं पोट चालतं. दिवसभर लोकांची वाक्यं सरळ करतो. स्वतःचं बालपण समोर आलं तेव्हा हात आपोआप चालला असेल.

हा हात कधी चालायला लागला ते मात्र ठाऊक आहे. १९९६ साली पुण्यात आलो. पहिल्याच आठवड्यात मेसच्या काकांना म्हटलं, ‘वरणात थोडा सांभार टाका ना.’ ते म्हणाले, ‘सांबार रविवारी, इडलीबरोबर.’ मी म्हटलं, ‘इडली नाही, सांभार, हिरवा.’ पंगतीतली आठ-दहा पोरं हसून लोळली. तुम्ही नागपूरला आहात, तुम्हाला सांगायला नको की आपल्याकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात. खोलीतल्या पोरांना तर ‘मी अभ्यास करून राहिलो’ या एका वाक्यावर सहा महिने करमणूक झाली. ‘करून राहिलास ना? मग झोप आता.’ मराठीतलं आद्य गद्य तेराव्या शतकात आमच्या वऱ्हाडात, रिद्धपूरला लिहिलं गेलं, हे उत्तर मी पाठ करून ठेवलं होतं. गाडगेबाबा आमच्याच तालुक्यात, दापुरीला मामाकडे वाढले, आणि मुंबईच्या कीर्तनातही त्यांनी वऱ्हाडी सोडली नाही, हेही तयार होतं. कधी कामाला आलं नाही. हसणाऱ्याला इतिहास सांगितला की तो आणखी हसतो.

कुणी जबरदस्ती केली नाही, हेही लिहायला हवं. मीच बदललो, आणि सहा महिन्यांत असा बदललो की एसटीडी बूथवरून शेजाऱ्यांकडे फोन केला तर आई म्हणाली, ‘काहून असा बोलून राह्यला बाप्पा, सर्दी झाली का?’

आता तुमच्या कट्टीच्या प्रश्नाकडे येतो. कट्टी झाली होती. लेखात नाही, कारण मी ती वगळली.

१९९७ ची दिवाळी. मी सुट्टीवर आलो होतो. बंड्या बारावीनंतर शिकला नाही, जिनिंगात काट्यावर वजनं लिहायला लागला होता. तेव्हा एकाधिकार खरेदी होती, कापूस सरकारी केंद्रावरच घालायचा. हंगाम सुरू झाला की जिनिंगाच्या फाटकापासून पार रस्त्यापर्यंत बंड्यांची रांग लागायची. (ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: वऱ्हाडात बंडी म्हणजे बैलगाडी. मित्राला बंड्या हे नाव देताना हा घोळ माझ्या लक्षात आला नाही.) लोक दोन-दोन रात्री रांगेत काढायचे, कापसावरच झोपायचे. फाटकाबाहेर चहाची टपरी होती. आम्ही दोघं तिथं उभे, भोवती पाच-सात शेतकरी. त्यातल्या एका म्हाताऱ्यानं बंड्याला विचारलं, चुकारे, म्हणजे घातलेल्या कापसाचे पैसे, कधी निघतील. बंड्या म्हणाला, ‘मले काय ठाव काका, मले कोन सांगते.’

आणि मी, हातात चहाचा ग्लास, म्हणालो, ‘मले नाही रे बंड्या. मला.’

मस्करीत म्हणालो होतो असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगितलं. दोघं-तिघं हसले. कुणाला हसले ते मला आजही सांगता येणार नाही. बंड्या हसला नाही. त्यानं माझा रिकामा ग्लास घेतला, टपरीवाल्याकडे दिला, दुसरा भरून माझ्या हातात ठेवला आणि म्हणाला, ‘घ्या साहेब.’ मग काट्यावर गेला. ती सुट्टी संपेपर्यंत भेटला नाही. पुण्याहून टाकलेल्या पत्रांना उत्तर नाही. पुढच्या दिवाळीत मी आलो तर तो नेमका कुठल्याशा गावाला गेलेला.

जवळपास दोन वर्षांनी त्याच्या बहिणीच्या लग्नाची पत्रिका पोस्टानं आली. गेलो. पंगतीत बसलो होतो. हा बादली घेऊन वरण वाढत वाढत माझ्यापाशी आला, थांबला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, ‘काय टाकू साहेब? सांभार का कोथिंबीर?’ मेसचा किस्सा मीच त्याला कधीकाळी सांगितला होता. मी म्हटलं, ‘सांभारच टाक बे.’ झालं. त्यानंतर त्या विषयावर आम्ही कधी बोललो नाही.

लेखात हे का नव्हतं? एक कारण प्रामाणिक आहे: लेख बालपणाचा होता आणि हे एकोणिसाव्या वर्षीचं. दुसरं कारण तुम्ही ओळखलंच आहे.

पण ताई, गोडव्याबद्दलची तुमची तक्रार मी पूर्ण मानत नाही. ‘गरिबीत कसलं गोड’ असं तुम्ही म्हणता. जिनिंगातल्या गंजीवर वरून उडी मारली की कमरेपर्यंत कापसात आत जायचो, बाहेर आलो की केसांत, भुवयांत, कानात रुई. बंड्याचा बाप तिथंच हमाल होता, तो शिव्या घालत मागे धावायचा आणि पकडल्यावर आमच्या कानातली रुई करंगळीनं काढायचा. त्याच हमालानं दिवसभर किती बोजे उचलले हे मला आज कळतं, तेव्हा कळत नव्हतं. तेव्हा जे कळत होतं तेवढंच मी लिहिलं. आजचं शहाणपण दहा वर्षांच्या पोराच्या खिशात कोंबायचं नाही, एवढा एक नियम मी पाळतो. (त्याच्या तोंडात आजची भाषा मात्र कोंबली, हे तुम्ही म्हणायच्या आत मीच म्हणतो.)

राहिला प्रश्न विचारण्याचा. विचारलं नव्हतं. तुमची प्रतिक्रिया वाचली त्याच रात्री बंड्याला फोन लावला. म्हटलं, तुझ्यावर एक लेख लिहिलाय.

‘वाचला. पोरीनं दाखवला मोबाइलवर.’

‘कधी?’

‘झाले असतीन चार महिने.’

‘मंग बोलला काहून नाही?’

‘तू इचारलं काहून नाही?’

(होय, त्याच्याशी बोलताना माझं ‘काहून’ अजून निघतं. बाकी कुणाशी निघत नाही.)

मी मुकाट्यानं पुढच्या मुद्द्यावर गेलो. त्या उडीचं विचारलं. ‘कोन्ती उडी?’ म्हणाला. म्हटलं, शकुंतलेतून, बोरांसाठी, आपण तुझ्या मावशीकडे कारंज्याला चाललो होतो तेव्हाची. तो जो हसायला लागला तो थांबेना. ‘उडी मी मारली बे. तू माह्या चपला धरून खिडकीत बसला होता. अन् मी मांगं राह्यलो असं वाटलं त असा बोंबलून रडला का डब्यातल्या बाया तुले समजावत होत्या.’

आता यात गंमत अशी आहे की पुरावा माझ्याच लेखात होता आणि तो तुमच्यासुद्धा नजरेतून सुटला. मी लिहिलंय: ‘बंड्याच्या स्लिपरा निळ्या पट्ट्याच्या, डाव्या स्लिपरचा अंगठा तुटलेला, तळातून सेफ्टी पिन घालून अडकवलेला, पिनेचं टोक बोटाला टोचायचं.’ पळणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या स्लिपरचा तळ कसा दिसेल? ती पिन माझ्या बोटाला टोचली, कारण सबंध वेळ चपला माझ्या हातात होत्या. तसा त्या गाडीतून उतरायला फार शौर्य लागत नव्हतं म्हणा. १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत तेच ओढत होतं, आणि रुळांशेजारून जाणारा सायकलवाला आम्हाला मागे टाकायचा. ही उपमा नाही, डोळ्यांनी पाहिलेलं आहे. तेवढंही माझ्याच्यानं झालं नाही. कुठल्या वर्षी मी त्या खिडकीतून उठून बाहेर उडी मारली ते ठाऊक नाही, पण कॉलेजात हा किस्सा सांगताना मी रुळांशेजारून पळत होतो हे नक्की.

शेवटी चहाच्या टपरीचं काढलं. हे लिहू का, असं या वेळी आधी विचारलं. बंड्या थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘लिही. पन त्या चहाचे पैसे मी दिल्ते. ते टाकजो.’ माझ्या आठवणीत मी दिले होते. टाकतो: पैसे त्यानं दिले.

तुम्ही शेवटी सुचवलंय की सगळं वऱ्हाडीतच लिहा. जमणार नाही, ताई. प्रयत्न केला. एक परिच्छेद लिहिला. पहिली अडचण लिपीची: राह्यला, रायला की राहिला? शाळेला आपण ‘शाया’ म्हणतो, डोळ्यांना ‘डोये’. सगळीकडे तसं लिहिलं तर जळगावचा वाचकही अडखळेल, नाही लिहिलं तर अर्धवट. तरी रेटून लिहिलं आणि बंड्याला फोनवर वाचून दाखवलं. त्याचा निकाल: ‘हे त नाटकातल्या वानी लागते. एवढं बे-बे कोन करते?’ खरं होतं. माझं वऱ्हाडी आता ऐकीव झालंय, हशा येतो त्याच जागा मला आठवतात. असं वऱ्हाडी लिहिणं म्हणजे मेसमधल्या पोरांच्या बाकावर जाऊन बसणं. त्यापेक्षा निवेदन माझ्या आजच्या मराठीत राहील, ती काही चोरीची नाही, तीस वर्षं तिच्यात राहतोय. संवाद मात्र दोघांचे एका भाषेत केलेत. माझी वाक्यं बंड्यानं तपासून दिली, म्हणजे मुद्रितशोधन त्यानं केलं. ‘कुठे रडतोय’ गेलं. उडी त्याच्या नावावर केली, चपला माझ्या मांडीवर आल्या. टपरीचा प्रसंग मूळ लेखात घातलेला नाही, तो इथंच राहू दे. बालपणात त्याला जागा नाही असं मला अजूनही वाटतं, तुम्हाला पटलं नाही तरी.

एक निरोप आहे. बंड्याला तुमची प्रतिक्रिया वाचून दाखवली तेव्हा ‘पोट्टे’पाशी त्यानं मला थांबवलं. त्याची ती कारंज्याची मावशी आता नाही, पण तिच्या शेजारी एक शिक्षिकाबाई राहायच्या, नंतर नागपूरला गेल्या, आणि आम्ही दोघं गेलो की त्या आम्हाला फल्ल्या, म्हणजे भुईमुगाच्या शेंगा, द्यायच्या, असं त्याचं म्हणणं. मला यातलं काहीच आठवत नाही. तो विचारतोय, ‘त्या ताईले इचार, कारंज्यात कोन्या आळीतल्या?’