प्रतिक्रियेला उत्तर : दारात उभं राहण्याबद्दल

नमस्कार,

रेकॉर्डिंग स्टुडिओत इंटर्नशिप कशी मागावी, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा जास्त आला. तिसऱ्यांदा वाचली तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि उत्तर द्यायचं नाही असं ठरवून मी झोपलो. तो निश्चय टिकला नाही, हे दिसतंच आहे.

बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. माझा लेख म्हणजे ‘दरवानाने लिहिलेली नियमावली’ आहे. ‘ईमेल कोण वाचतं? दारात जाऊन उभं राहिल्याशिवाय कोणी आत घेत नाही’, आणि बीटल्सचा रेकॉर्डिंग इंजिनिअर जेफ एमरिकने सोळाव्या वर्षी कोणाला ईमेल केली होती? रिबन माइकबद्दलचं (आत धातूची नाजूक पट्टी असलेला माइक) माझं वाक्य चुकीचं आहे. आणि सहा-सहा महिने फुकट राबवून घेणाऱ्यांशी अदबीने कसं बोलायचं ते मी शिकवतो, पण त्यांनी मुलांशी कसं वागावं याबद्दल एक ओळही लिहीत नाही.

रिबन माइकपासून सुरुवात करतो, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. ‘रिबन माइकला फँटम पॉवर दिली की माइक गेला’ असं मी सरसकट लिहिलं होतं. (फँटम पॉवर म्हणजे माइकच्या केबलमधूनच त्याला दिली जाणारी वीज.) ते चूक. केबल नीट असेल तर ४८ व्होल्ट दोन्ही सिग्नल पिनांवर सारखेच पोचतात आणि पॅसिव्ह रिबनला सहसा काही होत नाही. केबलमध्ये शॉर्ट असेल, किंवा फँटम चालू असताना पॅचबेमध्ये, म्हणजे जिथे सगळ्या केबली एकत्र येतात त्या फळीवर, जोडण्या बदलल्या, तर मात्र रिबनची पट्टी ताणली जाऊ शकते. आत स्वतःचं सर्किट असलेल्या ॲक्टिव्ह रिबनला तर फँटम लागतेच. दुरुस्ती करतो, आभार. नवख्या मुलाने विचारल्याशिवाय ते बटण दाबू नये हा माझा मुद्दा त्यामुळे तसूभरही हलत नाही, पण तुम्ही बरोबर होतात, हे मोकळेपणाने मान्य.

आता ‘दरवान’. हा शब्द तुम्ही शिवीसारखा वापरला आहे. मी स्टुडिओतले पहिले आठ महिने अक्षरशः तेच काम केलं. दार उघडायचं, आलेल्या वादकाचं वाद्य उचलून आत न्यायचं, सेशन अजून सुरू आहे, थोडं थांबा, असं हळू आवाजात सांगायचं. कोण घाबरलेलं आहे, कोण घरी भांडून आलं आहे, कोणाला आल्याआल्या दहा मिनिटं एकटं सोडायला हवं, हे मला दारातच कळायला लागलं. कन्सोलवर बसल्यावर मला जे थोडंफार जमलं त्यातलं निम्मं तिथलं आहे. त्यामुळे टोमणा मारायचाच होता तर दुसरा शोधायला हवा होता. तुम्ही स्टुडिओत किती काळ काम केलं आहे ते प्रतिक्रियेत लिहिलेलं नाही. विचारत नाही, फक्त लिहिलेलं नाही एवढंच नोंदवतो.

दारात जाऊन उभं राहण्याविषयी मात्र सविस्तर लिहिणार आहे, कारण हे वाक्य वाचून एखादं पोर उद्या खरंच कुठेतरी जाऊन उभं राहील.

स्टुडिओ हे ऑफिस नाही. ऑफिसात न सांगता गेलात तर फार तर रिसेप्शनवर ताटकळत बसाल. स्टुडिओत त्या घटकेला जो वेळ चालू असतो तो मालकाचा नसतो आणि रेकॉर्डिस्टचाही नसतो. कोणीतरी तो तासांच्या हिशोबाने विकत घेतलेला असतो. तुमच्याशी बोलायला उठलेला माणूस दुसऱ्याचे पैसे खर्च करून उठतो. शिवाय आत काय चाललंय ते बाहेरून कळत नाही. कळू नये म्हणूनच तर ती जाड दारं असतात! गाणं अजून प्रसिद्ध व्हायचं असतं, गायकाचं नाव गुप्त ठेवायचं असतं, आणि एक अनोळखी मुलगा पॅसेजमध्ये उभा राहून कान देतोय, खिशात फोन आहे. तो कितीही गुणी असो, त्या क्षणी तो फक्त धोका असतो.

मी हे पुस्तकात वाचून सांगत नाही. एकोणीस वर्षांचा असताना मी असाच न कळवता एका स्टुडिओत गेलो होतो. रेकॉर्डिंग चालू असल्याचं सांगणारा बाहेरचा लाल दिवा बंद होता. (बल्ब उडाला होता, हे मला नंतर कळलं.) पहिलं दार ढकललं, मधली अंधारी जागा ओलांडली, दुसरं दार ढकललं. समोर एक गायिका डोळे मिटून अंतऱ्याचा शेवटचा स्वर धरून उभी होती. दाराची मूठ खट्‌ वाजली. तिने डोळे उघडले आणि स्वर तिथेच संपला. काचेपलीकडे रेकॉर्डिस्टचे ओठ हलताना दिसले. टॉकबॅकचा आवाज तिच्या हेडफोनमध्ये जात होता, मला ऐकू आला नाही, तरी शब्द कळले. तुम्ही म्हणाल, तेवढी ओळ पंच-इन करून, म्हणजे तेवढाच तुकडा पुन्हा रेकॉर्ड करून, घ्यायची. घेतलीच. चौदा वेळा घेतली, असं मला पुढे तिथल्याच माणसाने सांगितलं, आणि शेवटी वापरली ती आदल्या एका टेकमधली.

दोन आठवड्यांनी मी त्या रेकॉर्डिस्टना पत्र लिहिलं. त्यात फक्त माफी मागितली, काम मागितलं नाही. चार महिन्यांनी त्यांचा असिस्टंट सोडून गेला आणि मला फोन आला. पहिलं वाक्य होतं, ‘तूच ना तो, दार उघडणारा?’ आता तुम्ही म्हणाल, म्हणजे दार उघडलंस म्हणूनच लक्षात राहिलास. हे माझी बायको मला बरीच वर्षं ऐकवते आहे. पण तिने ती गायिका पाहिलेली नाही. आणि पत्र नसतं तर दार उघडणारा म्हणून मी लक्षात राहिलोच असतो, फोन आला नसता.

‘ईमेल कोण वाचतं?’ याचं उत्तर : स्टुडिओ मॅनेजर वाचतो. मुलं लिहितात रेकॉर्डिस्टला, ज्याचं नाव त्यांनी क्रेडिट्समध्ये पाहिलेलं असतं. तो बिचारा अकरा तास हेडफोन लावून बसलेला असतो, त्याच्या इनबॉक्सकडे बघण्यात अर्थ नाही. ईमेल न वाचता पुसली जाते त्याला बहुतेक वेळा लिहिणाराच जबाबदार असतो. वर ‘आदरणीय महोदय’, खाली तीस स्टुडिओंचे पत्ते एकाच ओळीत उघडे, आणि सोबत गाण्याची फाइल. २४ बिट, ४८ किलोहर्ट्‌झचं चार मिनिटांचं स्टिरिओ गाणं सुमारे ६९ एमबी भरतं. बऱ्याच ईमेल सेवांची मर्यादा असते २५. ती फाइल पोचतच नाही, आणि पोचली असती तरी ‘मला फाइल पाठवता येत नाही’ हाच निरोप घेऊन पोचली असती. लिंक द्यावी, आणि तीही कोणी मागितली तर. स्टुडिओला त्या घडीला तुमचं मिक्स ऐकायचं नसतं. तुम्हाला केबल उलटसुलट वेढ्यांनी, पीळ न पडता गुंडाळता येते का, फाइलींना नंतर कोणालाही सापडतील अशी नावं देता येतात का, बॅकअप घेतल्यावर तो उघडून बघता का, बंद करताना आधी मॉनिटर स्पीकर आणि मग बाकीचं हे ठाऊक आहे का, आणि चार माणसं वाद घालत असताना कोपऱ्यात गप्प बसता येतं का, एवढं हवं असतं. ते पाच ओळींत मावतं. इंटर्नशिप हवी असेल तर पहिल्याच ओळीत तसं म्हणावं. ‘तुमचा स्टुडिओ बघायची इच्छा आहे’ असं लिहून ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? उत्तर आलं नाही तर दोन-तीन आठवड्यांनी एकदा आठवण करावी. पुन्हा शांतता असेल तर तेच उत्तर समजावं.

राहिला एमरिक. १९६२ साली अर्थातच ईमेल नव्हती, हा विनोद मला कळला. पण तोही कुठल्या दारात जाऊन उभा राहिला नव्हता. शाळेतल्या शिक्षकांनी जागा आहे असं सांगितलं आणि त्याने रीतसर अर्ज केला. (तो लंडनच्या ज्या स्टुडिओत लागला त्याला तेव्हा ईएमआय स्टुडिओज म्हणत, ‘ॲबी रोड’ हे अधिकृत नाव पुढच्या दशकातलं.) लागला तो असिस्टंट म्हणून, आणि १९६६ मध्ये, विसाव्या वर्षी, बीटल्सच्या रेकॉर्डिंगचा मुख्य इंजिनिअर झाला. मधली साडेतीन वर्षं तुमच्या वाक्यात गायब आहेत. आणि हो, ती पगारी नोकरी होती. तुमच्या चौथ्या मुद्द्याला हाच दाखला उत्तम लागू पडला असता, पण तो तुम्ही भलत्याच जागी खर्च केलात.

चौथा मुद्दा मोठा आहे आणि माझ्या लेखाचा विषय तो नव्हता. फुकट काम करून घेणं योग्य की अयोग्य, यावर लिहिणारे पुष्कळ आहेत, त्यांनी लिहावं. मलाही पहिले आठ महिने काही मिळालं नाही आणि माझं काही बिघडलं नाही. सेशन उशिरा संपलं की घरी जायला काही नसायचं, तेव्हा लाइव्ह रूमच्या गालिच्यावर गोबो, म्हणजे आवाज अडवायचा सुटा पडदा, आडवा लावून झोपायचो. ते असो.

एक विनंती. यापुढे लिहाल तेव्हा ‘तुमच्यासारख्यांमुळेच’ हे शब्द टाळा. माझ्यासारखे म्हणजे कोण, हे तुम्हाला माहीत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नेमकं सांगता येणार नाही. बोलण्याची ही पद्धत कंट्रोल रूममध्ये दुसऱ्या दिवशी चालत नाही.

रिबन माइकचं वाक्य आजच बदललं आहे. बाकी लेख आहे तसा राहील.