आधी स्पर्श, मग शुद्धी

काही आठवड्यांपूर्वी आमच्या रविवारच्या उपासनेला एक नवा माणूस येऊ लागला. तो शिक्षा भोगून तुरुंगातून सुटला आहे, हे पहिल्यांदा कोणी सांगितले ते मला ठाऊक नाही. परंतु दुसऱ्या रविवारपर्यंत ते सर्वांना कळले होते आणि तो बसतो ते शेवटचे बाक रिकामे राहू लागले होते. ज्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे असे मंडळीतील एक वडीलधारे गृहस्थ मला म्हणाले, "वर्षभर त्याची वागणूक पाहू, मग जवळ करू." मी मान डोलावली. ती डोलावलेली मान तेव्हापासून मला सलते आहे.

त्यांच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता, सावधपणा होता. परंतु त्यातला क्रम शुभवर्तमानातल्या, म्हणजे बायबलमधील येशूच्या चरित्रातल्या, क्रमाच्या नेमका उलट आहे.

कुष्ठरोग्याने फाटकी वस्त्रे घालावीत, केस मोकळे सोडावेत, ओठ झाकून "अशुद्ध, अशुद्ध" असे ओरडावे आणि छावणीबाहेर एकटे राहावे, असे बायबलमधील लेवीय या पुस्तकाच्या 13व्या अध्यायात सांगितले आहे. असा एक रोगी येशूपुढे गुडघे टेकतो, तेव्हा येशूला त्याचा कळवळा येतो, तो हात पुढे करून त्याला स्पर्श करतो आणि त्यानंतर तो रोगी शुद्ध होतो. एका शताधिपतीच्या, म्हणजे रोमी सैन्यातल्या अधिकाऱ्याच्या, चाकराला येशूने दुरूनच बरे केले. म्हणजे येथेही नुसता शब्द पुरला असता. तरीही त्याने हात लावला, कारण त्या माणसाला रोगाइतकाच माणसांचा दुरावा जाळीत असला पाहिजे. ही गोष्ट सांगणाऱ्या मार्काच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायाचा शेवट मला फार हलवून जातो: त्या माणसाने ही गोष्ट सर्वत्र सांगितल्यामुळे येशूला उघडपणे गावात जाता येईना आणि तो बाहेर ओसाड जागी राहिला. बाहेरचा आत आला आणि त्याला आत आणणारा बाहेर राहिला.

जक्कय या श्रीमंत जकातदाराचे, म्हणजे लोकांच्या तिरस्काराचा विषय असलेल्या कर गोळा करणाऱ्याचे, तसेच. येशू आधी त्याच्या घरी उतरायचे ठरवतो. अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याची आणि लुबाडलेले चौपट परत करण्याची भाषा जक्कय नंतर बोलतो. व्यभिचारात धरलेल्या स्त्रीलाही येशू प्रथम सांगतो की मी तुला दोषी ठरवीत नाही, आणि मग, यापुढे पाप करू नकोस. पापाला तो पापच म्हणतो, पण दार आधी उघडतो.

येशूने सांगितलेल्या दाखल्यात मंदिरात प्रार्थना करणाऱ्या परूश्यावर, म्हणजे धर्मनियम काटेकोरपणे पाळणाऱ्या यहुदी माणसावर, आपण प्रवचनांतून थोडा अन्याय करतो, असे मला वाटते. तो खोटे बोलत नव्हता. आठवड्यातून दोनदा उपास आणि सर्व मिळकतीचा दशांश, हे त्याचे आचरण खरेच होते. मात्र देवाचे आभार मानताना त्याची नजर मागे उभ्या असलेल्या जकातदाराकडे गेली, आणि स्वतःचे चांगुलपण मोजायला त्याला त्या जकातदाराची गरज भासली. आपल्या प्रार्थनेला दुसऱ्याच्या पापाची गरज भासू लागली, की उपास कितीही खरा असला तरी आत काहीतरी कुजू लागलेले असते.

फादर डेमियन हे कॅथलिक धर्मगुरू 1873 मध्ये हवाईतील मोलोकाई बेटावरच्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत गेले. 1865च्या कायद्याने रोग्यांना समाजापासून तोडण्यात आले होते. डेमियन यांनी त्यांच्या जखमा बांधल्या, त्यांच्यासाठी घरे उभारली, त्यांची प्रेते पुरली, आणि अखेर त्याच रोगाने 1889 मध्ये, वयाच्या 49व्या वर्षी ते वारले. त्यानंतर होनोलुलूतील एका पाळकाने पत्रात लिहिले की हा अस्वच्छ आणि हट्टी माणूस होता आणि त्याचा रोग त्याच्या स्वतःच्या दुर्वर्तनाचे फळ होते. ते पत्र लिहिणाराही नित्य पवित्र शास्त्र वाचणारा होता, हे मला अधिक भयंकर वाटते, कारण मीही ते रोज वाचते.

गेल्या रविवारी मी शेवटच्या बाकावर जाऊन बसले. मी बसताच तो माणूस काही न बोलता सरकत सरकत बाकाच्या टोकाशी गेला आणि आपली पिशवीही त्याने पायाशी ओढून घेतली. मी त्याच्या बाजूला सरकले आणि आमच्या दोघांच्या मध्ये गीतांचे पुस्तक उघडून धरले. पहिले गीत संपेपर्यंत त्याने त्याला हात लावला नाही. दुसऱ्या गीताच्या वेळी त्याने पुस्तकाची एक कड धरली.