‘इम्युनिटी वाढवा, गाठ विरघळेल’ या फॉरवर्डला उत्तर

ठाण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्यातले दावे थोडक्यात असे: कॅन्सर म्हणजे निव्वळ कमी झालेली इम्युनिटी. शरीर अल्कलाइन, म्हणजे आम्लाच्या उलट, ठेवलं तर कॅन्सर जगूच शकत नाही, आणि हे सिद्ध केल्याबद्दल जर्मन शास्त्रज्ञ ऑटो वॉरबर्ग यांना १९३१ चं नोबेल मिळालं. गुळवेल, हळद आणि गव्हांकुराच्या रसाने इम्युनिटी वाढली की गाठ विरघळते. केमो इम्युनिटी मारते, म्हणून घेऊ नका.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. बायोप्सीच्या काचा रोज नजरेखालून जातात. हा मेसेज वाचून कुणी केमोची तारीख चुकवली तर ते नुकसान भरून निघत नाही, म्हणून एकेक दावा घेते.

‘कॅन्सर म्हणजे कमी इम्युनिटी.’ यात थोडं तथ्य आहे. किडनी ट्रान्सप्लांटनंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांमध्ये, उपचार न झालेल्या एचआयव्हीमध्ये काही कॅन्सर जास्त दिसतात. पण बहुतेक पेशंटांचं तसं नसतं. निदान होईपर्यंत त्यांची सर्दी नेहमीसारखी बरी होत असते, कापलेलं बोट भरून येत असतं. मग गाठीपाशीच काय अडतं?

गालाच्या आतल्या कॅन्सरची काच मायक्रोस्कोपखाली लावली की रंगवलेली पेशींची केंद्रकं निळी-जांभळी दिसतात आणि कोलॅजन या प्रथिनाचे धागे गुलाबी. काही काचांमध्ये गाठीच्या कडेला लिम्फोसाइट्सचे, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचे, गडद ठिपके अक्षरशः खच्चून भरलेले असतात. आत, कॅन्सरच्या पेशींच्या बेटांमध्ये मात्र एखाददुसराच. मधे असतो कोलॅजनचा गुलाबी पट्टा. तो बांधणाऱ्या फायब्रोब्लास्ट पेशी शरीराच्याच, एरवी जखम सांधणाऱ्या. टीजीएफ-बीटासारखे रासायनिक संदेश सोडून गाठीने त्यांना आपल्या कामाला लावलेलं असतं. लिम्फोसाइट्स तयार झाल्या, गाठ त्यांना सापडली, त्या दारापर्यंत आल्या आणि तिथेच अडकल्या. अशी काच पाहिल्यावर ‘इम्युनिटी कमी होती’ असं म्हणवत नाही.

ज्या टी पेशी (लिम्फोसाइट्सचाच एक प्रकार) आत शिरतात त्यांचीही दैना होते. गाठीतल्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या आणि गळक्या असतात, त्यामुळे ऑक्सिजन तोकडा पडतो. साखर कॅन्सरच्या पेशी फस्त करतात आणि लॅक्टिक ॲसिड बाहेर टाकतात. त्यात टी पेशींचं काम मंदावतं. मॅक्रोफेज, म्हणजे एरवी जंतू आणि मेलेल्या पेशी गिळणाऱ्या पेशी, तिथे फितूर होतात आणि नव्या रक्तवाहिन्या उभारायला मदत करू लागतात. गाठ नियंत्रक टी पेशीही बोलावून घेते. प्रतिकारशक्तीने स्वतःच्याच अवयवांवर हल्ला करू नये म्हणून शरीरात असलेल्या याच त्या पेशी. त्यांच्या शोधासाठी मेरी ब्रुन्कोव, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना २०२५ चं नोबेल मिळालं. शिवाय कॅन्सरच्या अनेक पेशी अंगावर पीडी-एल१ हे प्रथिन मिरवतात. टी पेशीवरचं पीडी-१ हे प्रथिन त्याला भिडलं की टी पेशी हल्ला थांबवते.

यातलं एकही साधन गाठीने नव्याने बनवलेलं नाही. जखम भरणं, गर्भ टिकणं, सूज वेळेत ओसरणं यांसाठी शरीराला जे लागतं तेच ती वापरते. अमेरिकन पॅथॉलॉजिस्ट हॅरॉल्ड ड्वोरॅक यांनी १९८६ मध्ये ट्यूमरला न भरणारी जखम म्हटलं होतं. माझ्या मते या आजाराचं इतकं नेमकं वर्णन दुसरं नाही.

‘अल्कलाइन’वाला दावा लवकर निकालात निघतो. वॉरबर्ग यांना नोबेल मिळालं ते पेशींच्या श्वसनातल्या एन्झाइमवरच्या कामासाठी. ऑक्सिजन असतानाही ट्यूमर साखरेचं लॅक्टिक ॲसिड करतो हे त्यांनी १९२० च्या दशकात दाखवलं, तेही खरं. पण ते ॲसिड गाठ स्वतः बनवते. आपल्या जेवणातून ते तिथे जात नाही. रक्ताचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलाइनचं माप, फुप्फुसं आणि किडन्या ७.३५ ते ७.४५ च्या दरम्यान राखतात. महागड्या बाटलीतलं पाणी पिऊन बदलतो तो फार तर लघवीचा पीएच. आणि त्या आम्ल परिसरातही कॅन्सरच्या पेशीचा आतला भाग किंचित अल्कलाइनच असतो.

आता रस. कडेला अडकलेल्या किंवा पीडी-१ ने थांबवलेल्या टी पेशींची संख्या वाढवून काय होणार? हँडब्रेक ओढलेल्या गाडीचा ॲक्सिलरेटर दाबण्यासारखं आहे ते. जेम्स ॲलिसन आणि तासुकु होंजो यांना २०१८ चं नोबेल मिळालं ते प्रतिकारशक्तीचे असे ब्रेक सोडवण्याच्या वाटेसाठी. ब्रेक सोडवणाऱ्या या औषधांनी काही पेशंटांच्या आतड्यांना, फुप्फुसांना, थायरॉइडला सूज येते, कारण मोकळी झालेली प्रतिकारशक्ती निरोगी अवयवांवरही जाते. प्रतिकारशक्ती खरोखर इतकी बदलणारं काही असेल तर ते निर्धोक असेल हे गृहीत धरता येत नाही. गुळवेल घेणाऱ्यांमध्ये यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तिच्यावर आक्षेप घेतला होता, हेही सांगायला हवं. पण केमोमुळे आधीच ताण आलेल्या यकृतावर डॉक्टरांना न सांगता आणखी काही लादू नये, एवढं तरी मान्य व्हावं.

प्रतिकारशक्तीचा खरा वापर पाहायचा तर लांब जायला नको. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलने विकसित केलेली कार-टी उपचारपद्धती २०२१ मध्ये खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्या संशोधन केंद्रात पेशंटवर वापरली गेली आणि २०२३ मध्ये तिला मंजुरी मिळाली. पेशंटच्याच टी पेशी काढून, जनुक बदलून परत सोडतात. ती चालते बी पेशींच्या (लिम्फोसाइट्सचा दुसरा प्रकार) रक्ताच्या कॅन्सरमध्ये. घट्ट गाठींमध्ये कार-टीला तसं यश अजून आलेलं नाही, आणि त्याचं एक मोठं कारण वर सांगितलेला परिसर हेच आहे. लॅबमध्ये मुद्दाम घडवलेल्या पेशीही जिथे अडकतात, तिथे गव्हांकुराचा रस काय करणार?

राहिली केमो. तिने पांढऱ्या पेशी घटतात हे खरं. म्हणून तर केमोच्या पुढच्या फेरीआधी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करतात आणि गरज पडली तर तारीख पुढे ढकलतात. बहुतेकदा त्या पेशी पुन्हा भरून येतात. आणि केमो व प्रतिकारशक्ती एकमेकींच्या वैरी आहेत असंही नाही. टाटा मेमोरियलमध्ये डोकं-मानेच्या पुढे गेलेल्या कॅन्सरच्या १५१ पेशंटांवर एक चाचणी झाली. निम्म्यांना कमी मात्रेतली तोंडाने घ्यायची केमो आणि तिच्या जोडीची औषधं, उरलेल्यांना तेच अधिक पीडी-१ रोखणारं निवोलुमॅब, दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम. नेहमीची मात्रा याच्या कितीतरी पट, म्हणूनच इथल्या बहुतेक कुटुंबांना न परवडणारी. वर्षभराने पहिल्या गटातले १६.३ टक्के पेशंट हयात होते, दुसऱ्यातले ४३.४ टक्के. दोन्ही गटांत केमो चालूच होती.