सैंधवाच्या नादात आयोडीन गेलं

भाचीला तिसरा महिना आहे. मागच्या रविवारी तिच्याकडे गेले, तर ओट्यावर मिठाच्या बरणीच्या जागी खलबत्ता आणि त्यात गुलाबी खडे. पुडीतलं मीठ सासूबाईंनी मोरीत ओतून टाकलं होतं. कारण काय, तर घरच्या ग्रुपवर आलेला मेसेज: ‘आयोडीनयुक्त मिठात सायनाइड असतं. हिमालयातलं शुद्ध सैंधव खा, त्यात ८४ खनिजं असतात, बीपी जातं. आयोडीन ही कंपन्यांनी सरकारच्या मदतीने लादलेली गोष्ट आहे, सुप्रीम कोर्टानेही हे मान्य केलंय.’ आता तोच मेसेज माझ्या वहिनीनेही पुढे पाठवलाय, म्हणून लिहितेय.

सायनाइडचं आधी उरकते. मीठ ओल धरून त्याचे गोळे होऊ नयेत म्हणून त्यात पोटॅशियम फेरोसायनाइड अगदी थोडं घालतात. मर्यादा किलोमागे १० मिलिग्रॅम. त्यातला सायनाइड लोहाला इतका घट्ट बांधलेला असतो की पोटातल्या आम्लाने तो सुटत नाही. फोडणीतही सुटत नाही. हा पदार्थ ४०० अंशांच्या आसपास विघटित होतो, कढईतलं तेल त्याच्या निम्म्यापर्यंत तापतं. नावात सायनाइड आहे एवढ्यावरून घाबरवलं जातंय.

‘हिमालयातलं’ म्हणून विकतात ते बहुतेक गुलाबी मीठ पाकिस्तानी पंजाबातल्या खेवड्याच्या खाणीतलं असतं. त्यातही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच. ज्यांना बीपी आहे त्यांनी कुठलंही मीठ कमीच खायला हवं, दिवसाला ५ ग्रॅमच्या आत. उपवासाच्या खिचडीत सैंधव घाला, माझी काही हरकत नाही. रोजच्या आमटीत नको, कारण त्यात आयोडीन जवळजवळ नसतं.

आता मुख्य मुद्दा, ‘आयोडीन लादलं.’ हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात १९५६ पासून वैद्यकीय संशोधक डॉ. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी एक लाखावर लोकवस्तीत प्रयोग केला. तिथे शंभरातल्या सुमारे ३८ जणांना गलगंड (आयोडीन कमी पडल्याने गळ्याला येणारी सूज) होता. खोऱ्याचे तीन भाग केले. दोन भागांत आयोडीनचं मीठ दिलं, मधल्या भागात साधं. सहा वर्षांनी आयोडीनच्या दोन्ही भागांत गलगंडाचं प्रमाण निम्म्यावर आलं होतं. मधल्या भागात काहीच फरक नव्हता. मग तिथेही आयोडीन दिलं आणि तिथलंही प्रमाण उतरलं. पहिल्या सहा वर्षांच्या निकालाच्या जोरावरच १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला होता. यात कंपनी कुठे आली?

आणि गलगंड तर निदान डोळ्यांना दिसतो. पहिल्या चार-पाच महिन्यांत बाळाची स्वतःची थायरॉइड ग्रंथी पुरेसं काम करत नाही, त्याच्या मेंदूची वाढ आईच्या थायरॉइडच्या संप्रेरकावर (हार्मोनवर) चालते, आणि ते संप्रेरक आयोडीनशिवाय बनत नाही. तिथे राहिलेली कमतरता पुढे कुठल्याही औषधाने भरून निघत नाही. गरोदरपणी दिवसाला २५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं. मोठ्या माणसाला लागतं त्यापेक्षा १०० जास्त. आणि नेमकं याच वेळी आपण तिचं मीठ बदलतो!

कोर्टाचं अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करते. २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने खाण्यासाठी साधं, आयोडीन नसलेलं मीठ विकण्यावरच्या बंदीचा नियम रद्द केला होता, कारण तो भेसळीच्या कायद्याखाली केलेला होता आणि साधं मीठ ही भेसळ नव्हे. पण आयोडीन घातक आहे असं कोर्ट म्हणालंच नाही. उलट बंदी सहा महिने चालू ठेवून सरकारला कायद्याच्या योग्य मार्गाने जायला वेळ दिला. छोट्या मिठागरवाल्यांना या सक्तीचा त्रास झाला, हेही खरं. त्यांना आयोडीन मिसळायची सोय द्यायला हवी. त्यासाठी भाचीच्या ताटातलं आयोडीन काढायची गरज नाही. (‘आम्ही कोकणातले, समुद्राचं मीठ खातो’ म्हणणाऱ्यांसाठी: मिठागरात पाणी सुकून बनलेल्या मिठात आयोडीन नगण्यच उरतं. मासळीतून मिळतं ते वेगळं, आणि भाची शाकाहारी आहे.)

सासूबाईंशी वाद घातला नाही. त्यांच्या वाडीतल्या आशाताईंना, म्हणजे आरोग्य कार्यकर्तीला, बोलावलं, त्यांच्याकडे मीठ तपासायची छोटी बाटली असते. दोन बशा घेतल्या, एकीत शेजारून आणलेलं पुडीतलं मीठ, दुसरीत कुटलेलं सैंधव. दोन्हींवर थेंब टाकला. पुडीतलं मीठ लगेच गडद जांभळं झालं. सैंधवाचा रंग पाच मिनिटं वाट पाहूनही बदलला नाही. सासूबाई बराच वेळ बशी हातात धरून बघत होत्या. मग म्हणाल्या, “उपवासापुरतं ठेवते हे.” संध्याकाळी त्यांनीच मिठाची पुडी मागवली.