"गूगल जावास्क्रिप्ट वाचतं, एसइओची काळजी सोडा" हे अर्धंच खरं आहे

सध्या एसइओबद्दल, म्हणजे साइट सर्चमध्ये नीट दिसावी यासाठीच्या खटपटीबद्दल, एक मेसेज जोरात फिरतोय: "गूगलबॉट आता क्रोमसारखंच जावास्क्रिप्ट चालवतो, रिअ‍ॅक्टमध्ये बिनधास्त साइट बनवा, सर्व्हर साइड रेंडरिंग म्हणजे फुकटचा ताप, साइटमॅप टाकला की काम झालं." (गूगलबॉट म्हणजे पानं वाचत फिरणारा गूगलचा प्रोग्रॅम, रिअ‍ॅक्ट म्हणजे जावास्क्रिप्टने साइट बनवायचं साधन, रेंडरिंग म्हणजे कोड चालवून पान तयार करणं, सर्व्हर साइड म्हणजे ते ब्राउझरऐवजी सर्व्हरवरच करणं, आणि साइटमॅप म्हणजे साइटच्या पानांच्या पत्त्यांची यादी.) राहवलं नाही म्हणून लिहितोय, कारण यातली पहिली गोष्ट खरी आहे आणि तिच्या जोरावर बाकीचं सगळं खपवलं जातंय.

"क्रोमसारखंच चालवतो." हो, मे 2019 पासून गूगलबॉट ताज्या क्रोमियमवर (क्रोम ज्यावर उभा आहे ते इंजिन) चालतो, त्याआधी तो क्रोम 41 वर अडकला होता. पण चालवतो म्हणजे आपल्यासारखी साइट वापरतो असं नाही ना. तो बटणं दाबत नाही, त्यामुळे "आणखी दाखवा" दाबल्यावर एपीआयवरून, म्हणजे मागाहून सर्व्हरकडून मागवून, जे येतं ते त्याला कधी दिसतच नाही. आणि लिंका तर बघूच नका, कितीतरी साइटचा अख्खा मेन्यू स्पॅन आणि ऑनक्लिकवर, म्हणजे साध्या मजकुराला क्लिक जोडून, उभा असतो, आपण दाबलं की पान मस्त उघडतं, पण गूगल ज्याच्या मागे खात्रीने जातं तो एचरेफ असलेला ए टॅग, म्हणजे पत्ता लिहिलेली खरी लिंक. राउटिंग हॅशवर असेल, म्हणजे पानांचे पत्ते फक्त # च्या पुढे बदलत असतील, तर आणखी वाईट, हॅशच्या पुढचं गूगल साधारण सोडून देतं, म्हणजे तुमची शंभर पानं त्याच्या लेखी एकच.

"साइटमॅप टाकला की झालं." साइटमॅपने फक्त पत्ता कळतो, घरात काय आहे ते नाही.

"रेंडर होतंच, मग अडचण कुठे?" अडचण क्रमात आहे. गूगल आधी सर्व्हरकडून आलेलं कच्चं एचटीएमएल (पानाचा मूळ कोड) वाचतं, मग पान रेंडरिंगच्या रांगेत जातं, कधी काही सेकंद तर कधी बराच जास्त वेळ. मी एका साइटवर हे भोगलंय. मूळ एचटीएमएलमध्ये नोइंडेक्स ('हे पान सर्चमध्ये घेऊ नका' सांगणारा टॅग) होता आणि डेटा आला की जावास्क्रिप्ट तो काढून टाकायचं, ब्राउझरच्या इन्स्पेक्टमध्ये, म्हणजे जावास्क्रिप्ट चालल्यानंतरच्या पानात, बघितलं तर टॅगचा पत्ता नाही, सगळं स्वच्छ, आणि पानं मात्र इंडेक्सला, म्हणजे गूगलच्या यादीत, येईनात. शेवटी व्ह्यू सोर्स, म्हणजे सर्व्हरकडून आलेला मूळ कोड, उघडला तर नोइंडेक्स तिथेच बसलेला! तो सुरुवातीलाच दिसला की गूगल रेंडरिंगच टाळू शकतं, मग तुमचं काढून टाकणारं स्क्रिप्ट चालणार कधी?

अशीच गत नसलेल्या पानांची, स्क्रीनवर "पान सापडलं नाही" आणि सर्व्हर पाठवतोय 200, म्हणजे 'सगळं ठीक' हा कोड, मग सर्च कन्सोलमध्ये (साइटमालकांसाठी गूगलचं साधन) सॉफ्ट 404 ची, म्हणजे नसूनही 'ठीक' म्हणणाऱ्या पानांची, रांग लागते.

"गूगलला दिसलं की बस." का बस? व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक पाठवली की जो फोटो आणि टायटल येतं ते कच्च्या एचटीएमएलमधल्या ओपन ग्राफ टॅगमधून (शेअर केल्यावर काय दिसावं ते सांगणारे टॅग) येतं, तिथे जावास्क्रिप्ट कोणी चालवत नाही. बऱ्याच एआय क्रॉलरचंही (एआयसाठी पानं वाचत फिरणारे बॉट) तेच.

लॉगिनच्या मागचा डॅशबोर्ड असेल तर खुशाल ब्राउझरमध्येच रेंडर करा, तो सर्चमध्ये यायचाच नाहीये. पण लोकांनी शोधून यावं अशी पानं असतील तर सर्व्हरवर रेंडर करा किंवा आधीच स्टॅटिक बनवून ठेवा. आणि विश्वास बसत नसेल तर सर्च कन्सोलच्या यूआरएल इन्स्पेक्शनमध्ये लाइव्ह टेस्ट करा, रेंडर झालेलं एचटीएमएल उघडा आणि तुमच्याच लेखातलं शेवटचं वाक्य त्यात शोधा.