'नूव्हो'बद्दलच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

एनव्हिडिया कंपनीच्या ग्राफिक्स कार्डांसाठीचा 'नूव्हो' हा मुक्त ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, घेतला ते योग्यच झालं, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणता, "कंपनीचा ड्रायव्हर असताना एवढी वर्षं फुकट घालवली. नूव्हो गेममध्ये धापा टाकतो. कधी कार्ड न बसवलेले लोकच असले भक्तिलेख लिहितात." पुढे क्यूडा (कार्डावर गणितं चालवायची एनव्हिडियाची सोय) आणि वेलँड (लिनक्समध्ये पडद्यावर खिडक्या दाखवायची पद्धत) यांवर दोन परिच्छेद.

गेमचा वेग कमी पडतो, हे मान्य. पण 'भक्तिलेख'? ओळख ना पाळख, थेट माणसाची लायकी काढायची, ही कुठली रीत? मी कॉलेजात होतो तेव्हापासून कर्नल स्वतः कंपाइल करतो आहे. गावच्या शाळेच्या लॅबमधली जीफोर्स ८४०० जीएस कार्डं मीच बसवली. त्या कार्डांसाठी कंपनीच्या ड्रायव्हरची ३४० मालिका होती. तिची शेवटची आवृत्ती डिसेंबर २०१९ मध्ये आली, त्यानंतर काही नाही. लॅबमध्ये आज नवा कर्नल आहे आणि पडदा नूव्होवर चालतो. हे 'फुकट' असेल तर त्या शाळेला जाऊन सांगा.

'फुकट' या शब्दाबद्दल बोलतोच. कार्डाची माहिती हाती नसताना, कंपनीचा ड्रायव्हर हार्डवेअरशी काय बोलतो ते एमएमआयओट्रेस या साधनाने टिपून, त्यावरून या लोकांनी ड्रायव्हर लिहिला. फेडोरा हे लिनक्स वितरण तो आधीपासून देत होतं. मुख्य कर्नलमध्ये तो का नाही, असं खुद्द लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सने विचारलं, आणि फेब्रुवारी २०१० च्या २.६.३३ मध्ये तो आला. कर्नलमध्ये असण्याचा फायदा तुम्ही विचारातच घेतलेला नाही. आतला इंटरफेस जो बदलतो, त्यालाच नूव्होतला कोडही दुरुस्त करावा लागतो. बाहेरचा ड्रायव्हर मात्र कंपनी लक्ष देईल तोवरच टिकतो.

आणि वेग का कमी? २०१४ च्या दुसऱ्या पिढीच्या मॅक्सवेल कार्डांपासून एनव्हिडियाने स्वतःची डिजिटल सही असलेलं फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारा प्रोग्रॅम) सक्तीचं केलं. त्याशिवाय क्लॉक, म्हणजे कार्डाच्या कामाचा वेग, वाढवता येत नाही, म्हणून कार्ड चालू होतानाच्या वेगावरच राहतं. कुलूप घालणारा वेगळा, आणि शिव्या नूव्होला! त्यानंतरच्या ट्युरिंग पिढीपासूनच्या कार्डांत जीएसपी हे छोटं प्रोसेसर आहे, तेच क्लॉक सांभाळतं. जानेवारी २०२४ च्या ६.७ कर्नलमध्ये नूव्होला त्याच्या फर्मवेअरचा आधार मिळाला. एनव्हीके हा व्हल्कन (गेमना कार्ड वापरू देणारा इंटरफेस) ड्रायव्हरही नूव्होच्याच कर्नल-भागावर उभा राहिला. पाया आधी घातलेला नसता तर तो कशावर उभा राहिला असता?

क्यूडा आणि वेलँड हे त्या लेखाचे विषय नव्हते, त्यात शिरत नाही.

पुन्हा लिहाल तेव्हा कार्ड कोणतं, कर्नल कोणता, तेवढं तरी लिहा. नुसतं 'धापा टाकतो' यावर काय उत्तर देणार?